जाळी, ठिपका आणि पिक्सेल : प्रतिमा-संपादनाचा पूर्वेतिहास

संगणकावरील पृष्ठरचनेचा इतिहास सामान्यतः १९८५पासून, म्हणजे पेजमेकर आणि लेझररायटर यांच्या आगमनापासून सांगितला जातो. प्रतिमा-संपादनाचा १९९०पासून, फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीपासून. साधनांपुरते हे खरे आहे. संकल्पनांचा शोध घ्यायचा तर मात्र जवळजवळ एक शतक मागे, कलकत्त्यातही जावे लागते.

छापयंत्राला करडा रंग ठाऊक नसतो. ते शाई उमटवते किंवा कागद कोरा सोडते. छायाचित्रातील सलग छायाभेद छापता यावेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन पद्धती रूढ झाली. आखीव काचेच्या जाळीतून चित्र लहानमोठ्या ठिपक्यांत विभागायचे आणि त्यांच्या मिश्रणाचे काम वाचकाच्या डोळ्यावर सोपवायचे, हे तिचे तत्त्व. आपल्या पुस्तकातील चित्रांच्या सदोष छपाईने असमाधानी झालेल्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३-१९१५) यांनी विलायतेहून सामग्री मागवून १८९५मध्ये या कामास आरंभ केला. १८९७पासून त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात प्रसिद्ध होऊ लागले. जाळीचे अंतर, भिंगाच्या छिद्राचा आकार आणि ठिपक्याचे रूप यांचा परस्परसंबंध त्यांनी गणिताने मांडला. तोवर हा बहुतांशी कारागिराच्या अंदाजाचा प्रांत होता. वसाहतीतील एक बालसाहित्यकार साम्राज्याच्या राजधानीतील तंत्रज्ञांना त्यांच्याच साधनाची उपपत्ती सांगत होता, ही घटना केवळ मुद्रणेतिहासाकडे सोपवून देण्याजोगी खचितच नाही.

१९५७मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र १७६ × १७६ घटकांत संगणकात उतरवले. त्यांच्या यंत्रालाही काळे आणि पांढरे एवढेच कळत होते; निरनिराळ्या मर्यादांवर केलेली वाचने एकत्र करून त्यांनी करड्या छटा मिळवल्या. प्रश्न जुनाच होता, उत्तर वेगळे. हाफटोनमध्ये शाई तीच राहते, ठिपक्याचा आकार बदलतो. पिक्सेलचा आकार तोच राहतो, मूल्य बदलते.

डीटीपीने या दोहोंची सांगड घातली. इंचाला १५० रेषांच्या जाळीसाठी ३०० पिक्सेलांची प्रतिमा घ्यावी, हा संगणकचालकांना मुखोद्गत असलेला नियम म्हणजे जाळीच्या दुपटीचा हिशेब. २४०० बिंदूंच्या यंत्रावर अशा जाळीच्या एका घरात १६ × १६, म्हणजे २५६ बिंदू मावतात; आठ बिटांच्या प्रतिमेतील छटाही तितक्याच.

जुन्या नियतकालिकांची पुनर्मुद्रणे हाती घेतली की हा संबंध अडचणीचा ठरतो. छापील जाळीवर स्कॅनरची जाळी पडून चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटते. ती घालवण्यासाठी संपादन-प्रणालीत आज्ञा असते. ती दिली की ठिपके विरघळतात आणि चित्र मूळ छायाचित्रासारखे गुळगुळीत दिसू लागते. १९१३च्या अंकात वाचकाने असे चित्र कधी पाहिलेले नसते. उलटपक्षी, मजकुराच्या सोयीसाठी पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले, तर गडद छटांचे ठिपके एकमेकांत मिसळून तेथे डाग तेवढा उरतो. मूळ स्कॅन ठिपक्यांसह जपलेले असेल, तरच अभ्यासकाला जाळीच्या रेषा व त्यांचा कोन मोजता येतो, आणि दोन आवृत्त्यांतील चित्र एकाच ब्लॉकवरून छापले होते की दुसऱ्या वेळी नवा ब्लॉक करविला होता, याचा निर्णय करता येतो.