चौक, रेष आणि न कळणारं चित्र

आमच्या डहाणूच्या घरात माणसाची तसबीर कधी लागली नाही. भिंतीवर एक आयतुल कुर्सीची फ्रेम आणि तारखांचं कॅलेंडर, एवढंच. जिथे जिवंत जिवाचं चित्र असतं तिथे रहमतीचे फरिश्ते येत नाहीत, असं दादी सांगायची. मी वहीत माणूस काढला की पेन्सिलीने त्याच्या मानेवर आडवी रेघ मारून टाकायचो. म्हणजे तो जिवंत राहिला नाही, असा माझा हिशोब.

अब्बा शिंपी होते. तलासरीकडच्या एका वारली गिऱ्हाइकाच्या घरी लग्न होतं, तिथे त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत होत्या. हो, वारली बायका चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. हातात बांबूची काडी, पट्टी नाही, खोडरबर नाही. चौकटीत चौकट, तिच्यात नागमोडी रेषा, साखळ्या, ठिपके. मधोमध पालघट देवी. धवलेरी लग्नाची गाणी म्हणत होती. देवी काय ते मला तेव्हा कळलं नाही, पण त्या रेषांवरून नजर हलेना. घरी परतताना मनात धाकधूक होती, आपण गुन्हा तर केला नाही ना?

या चित्रकलेला जगाने ओळखलं ते विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात. भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात 1934 साली जन्मलेले आणि पुढे डहाणूच्या गंजाडजवळ कळंबीपाड्यात राहिलेले जिव्या सोमा मशे त्यातून पुढे आले. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले होते आणि मातीत रेघोट्या ओढूनच मनातलं सांगायचे. बायकांची ही कला एका पुरुषाने रोजची केली. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 साली ते गेले. त्यांचं मासे धरायच्या जाळ्याचं चित्र बघा. कागदभर जाळंच जाळं. थोडं दूर उभं राहिलं की मासे आणि माणसं विरघळतात, उरतात फक्त बारीक रेषांच्या लाटा.

त्याच वर्षांत, त्याच रेल्वेमार्गावर पुढे बडोद्यात, नसरीन मोहम्मदी नावाची बाई कागदावर रेषा ओढत होती. 1937 साली कराचीत जन्म, बालपण मुंबईत, शिक्षण लंडनला, आणि 1972 पासून बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. नुसती शाई, पेन्सिल आणि नकाशे आखायची हत्यारं. माणूस नाही, झाड नाही, बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही. पुढे आजाराने हातापायांवरचा ताबा सुटत गेला, तरी रेष सुटली नाही. 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्या वारल्या.

त्यांची चित्रं मी मुंबईत एका प्रदर्शनात पाहिली. सोबतचा मित्र म्हणाला, “वही आखून ठेवलीय, यात काय कळायचंय?” मला उत्तर देता आलं नाही. कळलं काहीच नव्हतं, पण घसा दाटून आला होता. तलासरीच्या त्या भिंतीसमोर झालं होतं तसंच.

सगळ्याच अमूर्त चित्रांनी मला असं होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. सय्यद हैदर रझांचा बिंदू मला वाचून समजतो, बघून भिडत नाही. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर मात्र मी बराच वेळ उभा राहू शकतो. फजरनंतर डहाणूच्या किनाऱ्यावर धुक्यात समुद्र आणि आभाळ वेगळं दिसत नाही, तसं वाटतं. आवड ही अशीच असते, तिची वकिली करता येत नाही.

पण एक गोष्ट खटकते. नसरीनची रेष ‘आधुनिक’ आणि सवाशिणीची रेष ‘लोककला’, हे कोणी ठरवलं? बाजाराने चौकातली माणसं तेवढी उचलली, पिशव्यांवर आणि कपांवर नाचवली. भोवतीची चौकट, जी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ती गळून गेली. लिहिणाऱ्या बायकांची नावं तर कधी कोणी विचारलीच नाहीत. आणि अमूर्त कला परदेशातून आली म्हणणाऱ्या आम्हा मुसलमानांना मशिदीची जाळी, जानमाजची वेलबुट्टी आणि कुफी अक्षरं रोज डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत.

अब्बांच्या शेवटच्या वर्षांत मी त्यांना नसरीनच्या एका चित्राची छापील प्रत दाखवली. कापडावर खडूने रेघा मारण्यात त्यांचा जन्म गेला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, “हात हलला नाही बघ कुठे.”

मी म्हटलं, “अब्बा, आजाराने त्यांचा हात साथ देत नव्हता.”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “मग ही रेघ नाही रे, ही इबादत आहे.”

ती प्रत आता त्या आयतुल कुर्सीच्या फ्रेमशेजारी लावली आहे. दादी असती तर तिनेही हरकत घेतली नसती, असं मला वाटतं.