शाळांची तुलना करण्याआधी विचारा, सीमा कोणी आखली?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक चर्चा हमखास रंगते. अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के, तमुक शाळेचा जेमतेम साठ. मग शहाणी माणसे निष्कर्ष काढून मोकळी होतात, की तिथली पोरंच तशी, आईबापांनाच शिक्षणाची आस्था नाही. ही तुलना आम्हाला मान्य नाही. एकाच शहरातल्या दोन शाळांत अंतर कसे पडते, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेतील लिटल रॉक या शहराचा इतिहास वाचावा.

१९२७ साली या शहराने गोऱ्या मुलांसाठी भव्य हायस्कूल बांधले. खर्च सुमारे १५ लाख डॉलर. हेच पुढे सेंट्रल हायस्कूल म्हणून जगाला माहीत झाले. दोन वर्षांनी, १९२९ साली, कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल उभे राहिले. खर्च सुमारे ४ लाख डॉलर आणि त्यातलाही काही भाग रोझेनवाल्ड फंडाच्या देणगीचा! कर दोघांकडून, इमारत मात्र जात पाहून.

तरीही डनबार नावारूपाला आली. ती व्यवस्थेने नव्हे, तिथल्या शिक्षकांनी घडवली. या शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळे. इंग्रजी शिकवणाऱ्या स्यू मॉरिस यांनी १९४२ साली समान वेतनासाठी खटला भरला. त्यांच्या वकिलांमध्ये थर्गुड मार्शल होते. १९४५ साली अपिलात त्या जिंकल्या, पण तोवर त्यांची नोकरी गेलेली होती. समान वेतन मागण्याची ही किंमत होती.

१७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. आता खरी चलाखी पाहा. शिक्षण अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी एकत्रीकरणाची योजना आखली. शहरात होरेस मान हे कृष्णवर्णीयांचे नवे हायस्कूल १९५६ साली सुरू झाले. पश्चिमेकडच्या श्रीमंत गोऱ्या भागात १९५७ साली हॉल हायस्कूल उघडले. हॉलमध्ये पहिल्या वर्षी एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता. एकत्रीकरण करायचे ते फक्त सेंट्रलमध्ये, जिथे कष्टकरी आणि मध्यमवर्गीय गोऱ्यांची मुले शिकत होती. म्हणजे ज्यांनी योजना मंजूर केली, त्यांच्या वर्गाची मुले नामानिराळी राहिली आणि गरीब गोऱ्यांचा राग कृष्णवर्णीय मुलांवर निघाला. भारतात हा खेळ आपण ओळखतो.

पुढचे सर्वांना माहीत आहे. चाळणी लावून लावून अखेर ९ विद्यार्थी उरले. ४ सप्टेंबर १९५७ रोजी एलिझाबेथ एकफर्ड ही १५ वर्षांची मुलगी एकटीच जमावातून शाळेकडे चालत गेली आणि गव्हर्नर फॉबस यांच्या सशस्त्र दलाने तिला अडवले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन सेंट्रलमधून उत्तीर्ण झाला.

त्यावर व्यवस्थेचे उत्तर काय? १९५८-५९ मध्ये शहरातील सगळी सरकारी हायस्कूल बंद! मतदारांनीही बंदच्या बाजूने कौल दिला. गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलांसाठी तशी सोय झाली नाही. शिक्षक रिकाम्या वर्गांत बसून राहिले, फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले. सोबत शिकण्यापेक्षा शाळाच नको, ही ती मानसिकता.

आता आपल्याकडे या. शिक्षण हक्क कायदा खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढली, की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या अटीतून सूट. तुमच्यासाठी तुमची शाळा जवळ आहे ना, मग तिकडेच जा! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. पण तिच्यामागची बुद्धी ब्लॉसम यांच्या नकाशाचीच होती. पालिकेची शाळा आणि काचेच्या इमारतीतली शाळा एकाच रस्त्यावर, तरी दोघांतली मुले कधी एका बाकावर बसू नयेत.

यावर कोणी म्हणेल, आपल्या शाळा सुधारा, दुसऱ्यांच्या दारात कशाला जाता? आम्हाला दोन्ही हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेतूनच मॅट्रिक झाले. त्यामुळे सरकारी शाळा मोडू देणे आम्हाला परवडणार नाही. पण डनबार कितीही चांगली असली तरी ती वेगळी ठेवलेली होती आणि वेगळे ठेवणे म्हणजेच कमी लेखणे, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून तरुणांनो, पुढच्या वेळी कोणी निकालाचा तक्ता पुढे केला तर तीन प्रश्न विचारा. प्रत्येक शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? मुलामागे खर्च किती? आणि प्रवेशाची सीमा कोणी आखली, तिच्यातून सूट कोणाला मिळाली? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. अर्ज करा, उत्तरे वस्तीत वाचून दाखवा. मग पोरांना दोष देणारी तोंडे आपोआप बंद होतील.

जय भीम!