दहावा माणूस

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच.

आज एका आकड्याचा इतिहास. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे कायदा वाचताना मला आधी इफ कंडिशन दिसते: कामगार इतके असतील तर कायदा लागू, नाहीतर नाही. पण हा 'इतके' ठरवला कुणी?

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी ॲक्टमध्ये तो १०० होता. म्हणजे ९९ माणसांच्या गिरणीत सात वर्षांच्या पोराला कितीही राबवा, सरकार विचारणार नाही. (१०० च्या वर तरी काय, सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तास!) मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु'तून आणि गिरणीकामगारांच्या सभांतून याविरुद्ध बोलत राहिले. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्यामुळे. १८९१ च्या कायद्यात आकडा ५० वर आला, १९२२ मध्ये २० वर. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० केला, बिनविजेच्यासाठी २०. शंभरावरून दहावर यायला ६७ वर्षं लागली.

मग महाराष्ट्राने २०१५ मध्ये उलटी गाडी धरली: विजेवर २०, बिनविजेचं ४०. कारण दिलं ते छोट्या उद्योगांना श्वास घेता यावा म्हणून. हे अगदीच खोटं नाही. बारा माणसांच्या कारखानदाराकडे वेगळा एचआर नसतो. रजिस्टरं तोच भरतो, इन्स्पेक्टरला चहाही तोच पाजतो.

हे मला कसं माहीत? माझे बाबा इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात १९ वर्षं जॉबर होते. माग बिघडला की आधी बाबांना हाक. २०१४ मध्ये गुडघ्यांनी दगा दिला, काम सुटलं. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर दिवाणजी म्हणाले, "अहो, आपल्याकडं नऊच माणसं. कायदा लागतच नाही." शेडच्या मधोमध एक भिंत होती. अलीकडचे माग मालकांच्या नावावर, पलीकडचे वहिनींच्या. दोन मीटर, दोन हजेरीपत्रकं, दोन्हीकडे नऊ-नऊ. जॉबर मात्र दोन्हीकडे एकच, बाबा.

आता कायदा वाचल्यावर कळतं की १९४८ च्या व्याख्येत मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा जण भरले तरी पुरे होतं. आणि ग्रॅच्युइटी कायदा एकदा लागला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. १९ वर्षांचे २८५ दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांचा पगार. भिंत खरी की कागदावरची, हे अधिकाऱ्यापुढं भांडून ठरलं असतं.

मी अर्जाचा नमुना छापून घरी नेला होता. बाबा बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "तुझ्या पहिल्या वर्षाच्या फीला पैसे कुणी दिले, आठवतंय न्हवं?" मालकांनीच दिले होते, बिनव्याजी.

अर्ज घडी घालून लाइट बिलांच्या फायलीत गेला. अजून तिथंच आहे.