अक्षय नीवी आणि निराधारांचें वेतन



जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत कोरलेलीं बौद्ध लेणीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तेथील शिलालेख बहुतांशीं दानाचे आहेत. आणि कांहीं लेखांत बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. या पद्धतीचा तपशील नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत अधिक स्पष्ट मिळतो. त्यानें ३,००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. त्यांपैकीं २,००० वर दरमहा शेंकडा एक व्याज, म्हणजे वर्षास २४० कार्षापण. त्यांतून वर्षावासांतील वीस भिक्षूंना चीवरासाठीं प्रत्येकीं बारा. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. हें दान निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविलें गेलें. अशा ठेवीस अक्षय नीवी म्हणत.

ते भिक्षु होते, निराधार वृद्ध किंवा अपंग नव्हते, हें खरें. परंतु त्या व्यवहारांतील तत्त्व मोलाचें आहे. जो दुसऱ्याच्या देण्यावर जगतो, त्याला काय मिळणार व केव्हां मिळणार हें आधीं ठाऊक असलें पाहिजे. देणाऱ्याच्या लहरीप्रमाणें तें घटतां कामा नये.

हें तत्त्व सुटलें म्हणजे काय होतें, तें मुंबई इलाख्यानें १८७७ सालीं पाहिलें. दुष्काळी कामांवरील मजुरी सरकारनें त्या जानेवारींत, खर्चाचें कारण सांगून, कमी केली. हजारों माणसें कामें सोडून निघून गेलीं. गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या पुणें सार्वजनिक सभेनें त्या कपातीस विरोध केला. उपाशी माणसाच्या घासांतून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे, हाच त्या विरोधाचा अर्थ.

पुढें महाराष्ट्रांत १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारनें वृद्धांस दरमहा ७५ रुपये देऊं केले. मात्र कपात दोन प्रकारची असते. एक उघड, हुकूम काढून केलेली. दुसरी मुकी, महागाईनें केलेली. केंद्राचे २००७ सालचे २०० रुपये ऐंशी वर्षांखालील वृद्धास २०२५ सालींही तेवढेच होते. राज्याची भर धरून ही रक्कम २०२३ सालीं १,५०० झाली, हें योग्यच झालें. पण केंद्राचा वांटा गोठलेलाच राहिला.

उशीर हीही कपातच. आंबेगांव तालुक्यांत भीमाशंकराच्या अंगाची एखादी म्हातारी हयातीच्या दाखल्यासाठीं डोंगर उतरून घोडेगांवास येते. तिचें वेतन दोन महिने थकलें, तर पोट दोन महिने थांबत नाहीं. वाण्याची उधारी मात्र वाढते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं वृद्धांचें वेतन दरमहा सात तारखेपर्यंत द्यावें असा हुकूम केला, आणि २००४ सालीं अशा योजना आपल्या संमतीवांचून बंद वा कमी करूं नयेत असें बजावलें. तो खटला २०१७ सालीं संपला. आतां पहारा आपला आहे.

तिजोरीवर भार पडतो, असें सांगण्यांत येतें. भार पडतोच. परंतु हातपाय थकलेल्या माणसाचा भार कोणावर तरी पडणारच. तो सर्वांनीं मिळून थोडा थोडा उचलावा, कीं त्या एकट्यावरच टाकावा, एवढाच प्रश्न आहे. वेतन घटूं नये, भावाबरोबर वाढावें आणि वेळेवर मिळावें, इतकेंच मागणें आहे. विणकरांच्या श्रेणीनें पत्करलेलें बंधन राज्याला जड वाटूं नये.