परक्या लयीची कुळकथा

१६६५च्या फेब्रुवारीत ख्रिस्तियान हायगेन्स आजारपणामुळे खोलीतच अडकून पडला होता. समोर त्यानंच केलेली दोन लंबकाची घड्याळं एकाच तुळईला टांगलेली होती. समुद्रावर रेखांश काढायला उपयोगी पडावीत म्हणून त्यानं ती बनवली होती. दोन्हींचे लंबक अगदी एका ठेक्यात हलताहेत, फक्त उलट दिशांना, हे त्याच्या ध्यानात आलं. मुद्दाम ठेका मोडला, तरी अर्ध्या तासात तो पुन्हा जुळे. आधी त्याला हवेच्या झुळुकींचा संशय आला. मग खरं कारण सापडलं : डोळ्यांना न जाणवेल इतकी तुळई हलत होती, आणि त्या हालचालीतून एका घड्याळाची लय दुसऱ्यात उतरत होती.

एका लेसरचा प्रकाश दुसऱ्या सेमीकंडक्टर लेसरमध्ये सोडून त्याला आपल्या तालावर आणायचं, या तंत्राचा माग काढत गेलं की तो या तुळईपाशी पोचतो.

जुळणीचा हिशेब मात्र रेडिओच्या काळात मांडला गेला. व्हिएन्नात जन्मलेला रॉबर्ट अ‍ॅडलर शिकागोच्या झेनिथ कंपनीत होता. (टीव्हीच्या रिमोटसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांवर हातोडी मारून श्राव्यातीत ध्वनी काढण्याची युक्तीही पुढे त्याचीच.) १९४६मध्ये त्यानं एक साधं समीकरण लिहिलं. बाहेरचा संकेत किती जोरदार आहे आणि त्याची वारंवारता किती दूर आहे, एवढ्यावरून आंदोलक, म्हणजे स्वतःच्या लयीत डोलणारं मंडल, त्याच्या ताब्यात जाईल की नाही, हे ते सांगतं. सीमेच्या जरासं बाहेर काय होतं, हेही त्यातून दिसतं : आंदोलक बराच वेळ जुळल्यासारखा राहतो, मग एकदम निसटतो, पुन्हा जुळू पाहतो. १९६६मध्ये स्टोव्हर आणि स्टायर यांनी दोन हेलियम-निऑन लेसर घेऊन प्रकाशातही असंच लॉकिंग, म्हणजे एका लयीनं दुसरीला ताब्यात घेणं, घडवून दाखवलं.

तोवर सेमीकंडक्टर लेसर जन्मला होता. १९६२मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट हॉलनं गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यातून तो मिळवला, पण द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत. खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेसर यायला १९७० उजाडलं. हा लेसर मिलिमीटरच्या काही दशांश लांबीचा. त्याच्या तासलेल्या टोकांवरून जेमतेम तीस टक्के प्रकाश मागे परततो, बाकीचा बाहेर पडतो. म्हणजेच बाहेरच्या प्रकाशालाही आत शिरायला वाट मोकळी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये कोबायाशी आणि किमुरा यांनी अशा लेसरांचं लॉकिंग करून दाखवलं.

पण अ‍ॅडलरचा हिशेब इथे पुरेना, आणि माझ्या मते या कुळकथेला खरं वळण इथे मिळतं. सेमीकंडक्टर लेसरांची प्रकाशरेषा सिद्धान्तानं सांगितल्यापेक्षा कितीतरी रुंद आढळत होती. १९८२मध्ये बेल लॅब्जच्या चार्ल्स हेन्रीनं त्याचं कारण मांडलं. आतल्या इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की प्रकाशाचं वर्धन बदलतं, हे सर्वांना माहीत होतं. पण त्याच वेळी पदार्थाचा अपवर्तनांकही बदलतो, आणि त्याबरोबर लेसरची स्वतःची वारंवारता सरकते. या दोन बदलांचं गुणोत्तर म्हणजे अल्फा. अशा लेसरांमध्ये ते साधारण तीन ते सहाच्या घरात असतं. त्याच वर्षी रॉय लँगनं दाखवलं, की या अल्फामुळे लॉकिंगचा पट्टा एका बाजूला कलतो. बाहेरचा प्रकाश आत आला की इलेक्ट्रॉन जास्त खर्च होतात, अपवर्तनांक वाढतो, लेसरची वारंवारता खाली येते. त्यामुळे परका प्रकाश कमी वारंवारतेचा असेल, तर लेसर त्याच्याशी अधिक सहज जुळतो.

शुद्ध, एकरंगी प्रकाश हवा असणाऱ्याला अल्फा म्हणजे कायमची डोकेदुखी. मला मात्र ती या लेसरची सर्वांत मोठी देणगी वाटते. प्रकाश वाढला की इलेक्ट्रॉन घटतात, मग प्रकाश घटतो आणि इलेक्ट्रॉन पुन्हा साठतात. काही गिगाहर्ट्झची ही उपजत धडधड, अल्फा आणि परका प्रकाश असे तिघे एकत्र आले की नुसतं ‘जुळलं किंवा नाही जुळलं’ एवढ्यावर भागत नाही. लॉकिंगची सीमा ओलांडली की लेसरची तीव्रता एका ठरावीक लयीत वरखाली होऊ लागते, म्हणजे लेसर डोलू लागतो. पुढे ती लय दर दुसऱ्या ठोक्याला बदलते, मग केऑस, म्हणजे अंदाज न येणारा गोंधळ, सुरू होतो. १९९४मध्ये सिम्पसन, लिऊ आणि सहकाऱ्यांनी ही वाट प्रयोगातून दाखवली.

प्रयोगशाळेत हे सांभाळणं नाजूक काम असतं. दोन लेसरांच्या मध्ये आयसोलेटर लागतो, नाहीतर उलटा जाणारा प्रकाश पहिल्यालाच बिघडवतो. दीड मायक्रॉन तरंगलांबीच्या लेसरचं तापमान एका अंशानं हललं, तरी त्याची वारंवारता सुमारे दहा गिगाहर्ट्झ सरकते. कित्येकदा तेवढ्यानं लेसर लॉकिंगमधून थेट डोलण्याच्या टापूत जाऊन पडतो.

आत सोडायच्या प्रकाशावरच मायक्रोवेव्हचं मॉड्युलेशन चढवायची कल्पनाही जुनी. १९८३मध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी मुख्य लेसर मॉड्युलेट करून त्याच्या बाजूपट्ट्यांवर (मॉड्युलेशनमुळे मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना उमटणाऱ्या वारंवारतांवर) दोन लेसर लॉक केले आणि दोघांचा प्रकाश एकत्र करून मायक्रोवेव्ह मिळवली. आज या कल्पनेत लेसरची स्वतःची डोलती अवस्थाही कामाला लावतात. तो बाहेरच्या प्रकाशामुळे दहा, वीस, तीस गिगाहर्ट्झनं डोलतो खरा, पण ती लय थरथरते. आत येणाऱ्या प्रकाशावर त्याच वारंवारतेच्या जवळचं किंवा तिच्या अंशाचं मॉड्युलेशन असेल, तर लय त्याला चिकटते आणि थरथर विरते. मॉड्युलेशन जरा दूर नेलं, तर दोन लयींची ओढाताण सुरू होते : कधी लेसर मॉड्युलेशनच्या पूर्णांकी प्रमाणात डोलतो, कधी दोन्ही लयी शेजारी शेजारी चालत राहतात, कधी सगळं केऑसमध्ये जातं. कोणत्या तीव्रतेला आणि किती अंतरावर काय घडतं, याचे नकाशे प्रत्येक जातीच्या लेसरसाठी नव्यानं काढावे लागतात. क्वांटम डॉट लेसरांत (ज्यांत प्रकाश अतिसूक्ष्म सेमीकंडक्टर कणांतून येतो) अल्फा बरेचदा खूप कमी असतो, आणि त्यांच्या नकाशावर केऑसचा टापू आक्रसलेला दिसतो.