गॅस गीझर मध्येच का विझतो?

गिरगाव, लालबागच्या जुन्या घरांत गॅस गीझर मधूनमधून विझण्याचा अनुभव नवा नाही. पाण्याच्या दाबाने गॅसची झडप उघडते आणि सेलच्या ठिणगीने ज्योत पेटते. म्हणून प्रथम नळाची धार पाहावी, पाण्याची जाळी साफ करावी व सेल बदलावेत. तरीही ज्योत टिकत नसेल, तर ज्योत ओळखणाऱ्या तारेवरील काजळी तंत्रज्ञाकडून काढून घ्यावी. मात्र ज्योत पिवळी दिसल्यास किंवा डोके जड झाल्यास गीझर बंद करून तात्काळ बाहेर पडावे. कोंदट न्हाणीघरात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. गीझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागीच बसवावा. आपोआप बंद होण्याची यंत्रणा कधीही निकामी करू नये.