काळी आणि पांढरी : सोलापूर प्रांतांतील भेगाळ जमीन व इतिहाससाधनें

जुनीं मराठी कागदपत्रें चाळणाऱ्यांस ‘काळी’ व ‘पांढरी’ हे शब्द नवे नाहींत. महजर, निवाडपत्रें, वतनपत्रें यांत ते जोडीनें येतात. काळी म्हणजे गांवची लागवडीची जमीन व पांढरी म्हणजे गांवठाण, वस्तीची जागा. आणि पुढें लक्षणेनें ‘समाकुल पांढरी’ म्हणजे त्या जागेवर नांदणारे सर्व गांवकरी, हा अर्थ अभ्यासकांत सर्वमान्य आहे. परंतु शेतास काळी व वस्तीस पांढरीच कां म्हणावें, हा भेद केवळ रंगाचा कीं त्याच्या मुळाशीं कांहीं वस्तुस्थिति आहे, याचा विचार स्वतंत्रपणें व्हावयास पाहिजे. आमच्या मतें या शब्दांचें बीज भीमा व सीना या नद्यांच्या कांठच्या जमिनीच्या स्वभावांत आहे. आणि तो स्वभाव ध्यानांत न घेतल्यास कागदांचा अर्थ लावण्यांत व जमिनींत सांपडणाऱ्या वस्तूंचा काळ ठरविण्यांत घोटाळा होण्याचा संभव आहे. म्हणून हा विषय संशोधकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

१. जमिनीचा स्वभाव

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून निघालेल्या शिलारसाचे थर दख्खनवर पसरले. त्यांचा जो काळा पाषाण बनला, तो झिजून व कुजून आमची काळी माती तयार झाली. नद्यांच्या खोऱ्यांत व सखल भागीं तिचा थर खोल, तर उंचवट्यावर अगदीं उथळ असतो. उथळ जागीं मुरूम वर येतो. तेथें गवत माजतें व त्यास आपण माळ म्हणतों. नान्नज येथें १९७९ सालीं ज्या माळढोक पक्ष्याकरितां अभयारण्य झालें, तो पक्षी अशाच गवताळ माळांचा रहिवासी होय. सखल भागांतील खोल काळी मात्र फार पूर्वींच नांगराखालीं आली असली पाहिजे.

या खोल जमिनींत अतिसूक्ष्म चिकणमातीचें प्रमाण निम्म्याच्या आसपास, केव्हां त्याहूनही अधिक असतें. या चिकणमातीचे कण पत्र्यांसारखे एकावर एक बसलेले असून पाणी त्या पत्र्यांच्या मध्यें शिरतें. पाणी शिरलें कीं माती फुगते, निघून गेलें कीं आकसते. पावसाळ्यांत ही जमीन मेणासारखी चिकट होऊन तींत गाड्यांचीं चाकें रुततात. उन्हाळ्यांत ती दगडासारखी कठीण होते व तिला चार चार बोटें रुंद आणि दोन दोन हात खोल भेगा पडतात. वरच्या थराचा भुगा व बारीक ढेकळें या भेगांत पडतात. पुढें पाऊस झाला म्हणजे खालची माती फुगूं लागते, पण भेगेंत पडलेल्या नव्या मातीनें जागा अडविलेली असते. तेव्हां आंतल्या आंत दाब उत्पन्न होऊन मातीचे मोठाले गड्डे एकमेकांवर घांसतात. खोल खणलें असतां त्यांचीं घांसून गुळगुळीत झालेलीं तकतकीत अंगें स्पष्ट दिसतात. येणेंप्रमाणें वरचें खालीं व खालचें वर, असा क्रम वर्षानुवर्षें चालतो. ही जमीन आपली आपण नांगरली जाते असें जें म्हणतात, तें अशा रीतीनें अक्षरशः खरें आहे. अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६० सालीं जमिनींचें नवें वर्गीकरण केलें, त्यांत या जातीस ‘व्हर्टिसॉल’ असें नांव दिलें; त्याचें मूळ ‘उलटणें, फिरविणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूंत आहे. ऑस्ट्रेलियांतील गवताळ मैदानांवर याच कारणानें जमिनीस लहान लहान उंचवटे व खळगे पडतात. त्यांस तेथील मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतून आलेलें ‘गिलगाई’ हें नांव आहे. आपल्याकडे शतकानुशतकें कुळव फिरत असल्यामुळें असे खळगे सहसा दिसत नाहींत.

मातीचा काळा रंग पाहून तींत कुजलेलीं द्रव्यें विपुल असावींत अशी पुष्कळांची समजूत होती. परंतु पृथक्करणांत तीं बहुधा शेंकडा एकाच्या आंतबाहेरच निघतात. या जमिनीचें सामर्थ्य पाणी धरून ठेवण्यांत आहे. सोलापूर प्रांतीं भरंवशाचा पाऊस पडतो तो उत्तरा व हस्त या नक्षत्रांचा. तो पोटांत सांठवून, पुढें आभाळांतून थेंबही न येतां, ही जमीन माघ-फाल्गुनापर्यंत शाळूचें पीक उभें ठेविते. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कीर्ति याच ओलीवर उभी आहे. तिला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मालदांडी वाणांतून निवडलेली प्रसिद्ध ‘मा. ३५-१’ ही जात मोहोळ येथील होय, व १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधनकेंद्र सोलापुरास निघालें तेंही याच कारणानें.

२. नांवांचा विचार

इंग्रजी ग्रंथांत या मातीस ‘रेगूर’ म्हटलेलें आढळतें. हा शब्द तेलुगु ‘रेगडि’ यापासून निघाला आहे. कानडींत हिलाच ‘एरे’ म्हणतात. सोलापुरांत तिन्ही भाषा एका पेठेंत नांदत असल्यामुळें येथील वाचकांस हे शब्द परके वाटणार नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या मातीच्या उत्पत्तीविषयीं युरोपीय पंडितांत वाद झाला. ती काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झाली असें व्हॉयसीचें मत होतें, तर न्यूबोल्ड तिला पाण्याखालीं सांचलेला गाळ समजत असे. कारण दक्षिणेंत जेथें काळा पाषाण नाहीं अशा स्थळींही ती आढळते. आज ती सामान्यतः पाषाणाच्या झिजेपासून, कांहीं ठिकाणीं जागच्या जागीं व कांहीं ठिकाणीं वाहून येऊन झाली, असें मानितात.

संस्कृतांत सुपीक भूमीस ‘उर्वरा’, क्षारयुक्त भूमीस ‘ऊषर’ व प्रशस्त मातीस ‘मृत्सा’ किंवा ‘मृत्स्ना’ हे शब्द आहेत. शेवटचे दोन पाणिनीनें प्रशंसार्थीं स्वतंत्र सूत्र करून साधिले आहेत (५.४.४०). परंतु प्रस्तुत विषयास अधिक उपयोगी असा उल्लेख त्याच पादांत थोडा पुढें (५.४.७५) वैयाकरणांच्या पुरवणींत येतो. ‘भूमि’ शब्दापूर्वीं कृष्ण, उदक्, पाण्डु व संख्यावाचक शब्द आले असतां समासान्त प्रत्यय होऊन ‘कृष्णभूम’, ‘उदग्भूम’, ‘पाण्डुभूम’, ‘द्विभूम’ अशीं रूपें होतात. रंगवाचक शब्द असंख्य असतां वैयाकरणांनीं नेमके काळा व पांढुरका हे दोनच कां घेतले? ज्या अर्थीं त्यांच्याकरितां नियम करावा लागला, त्या अर्थीं काळी भूमि व पांढरी भूमि हे समास त्या काळच्या व्यवहारांत रूढ होते असें अनुमान निघतें. पाण्डुभूम म्हणजे गांवठाण असा अर्थ मात्र यावरून काढतां येत नाहीं; त्या अर्थाचा उगम दख्खनच्या ग्रामव्यवस्थेंतच शोधिला पाहिजे.

३. वस्ती पांढरी कां?

फुगणाऱ्या व आकसणाऱ्या जमिनीवर घर टिकत नाहीं. पाया मुरमापर्यंत गेला नाहीं तर दोन पावसाळ्यांतच भिंतींस तिरक्या चिरा पडतात. काळ्या मातीची भिंतही निरुपयोगी, कारण ती वाळतांना तडकते. धान्याचें पेव खोल काळींत काढावें तर भेगांतून पाणी उतरून धान्य कुजणार. सबब शहाण्या माणसानें वस्तीस मुरमाड उंचवटा किंवा चुनखडीची जागा पाहावी हें ओघानेंच आलें. शिवाय काळीचा प्रत्येक हात पिकाकरितां राखून ठेवण्यांत लाभ होता.

एकदां वस्ती झाली म्हणजे ती जागा पिढ्यानुपिढ्या अधिकाधिक पांढरी होत जाते. चुलींतली राख, गोठ्यांतला केर, पडक्या भिंतींची माती, हाडें व चुना यांचे थर चढून टेकाड बनतें. ही माती राखट, भुसभुशीत व न तडकणारी असल्यामुळें भिंती लिंपण्यास व माळवदावर घालण्यास तीच उत्तम. म्हणून पडलेल्या घराची माती नव्या घरास लागे व गांव त्याच जागीं राही. येणेंप्रमाणें पांढरी ही निसर्गदत्त जमीन कमी व मनुष्याच्या वस्तीनें निर्माण केलेली जमीन अधिक आहे. ‘पांढरी’ हा शब्द गांवकऱ्यांच्या समुदायास लागला यांत म्हणूनच मोठें औचित्य दिसतें. काळी धान्य देते, पांढरी तें सांठविते; या दोहोंच्या नात्यावर गांवगाडा चालत होता. १४६० च्या सुमारच्या दुष्काळास मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचें नांव मिळालें, तेंही काळीच्या अपयशांत पांढरीवरील कोठारें उघडल्याच्या कथेमुळेंच.

४. महसुलाच्या कागदांतील काळी

जमिनीच्या प्रती अव्वल, दूम, सीम व चारसीम अशा लावीत हें प्रसिद्ध आहे. वीस पांडांचा एक बिघा व एकशेंवीस बिघ्यांचा एक चावर हें मापही वाचकांस ठाऊक आहे. परंतु इनामपत्रांत ‘एक चावर जमीन’ असें आढळल्यास त्यावरून इनामदाराच्या उत्पन्नाचा अंदाज करण्याचा मोह टाळावा. ती जमीन भीमेकांठची खोल काळी कीं माळावरची बरड, हें कळल्यावांचून त्या आंकड्यास फारसा अर्थ नाहीं.

गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत आरंभिलेल्या व १८४७ च्या संयुक्त अहवालानें स्थिर झालेल्या मोजणींत हाच भेद आणेवारीनें व्यक्त केला आहे. त्या पद्धतींत मातीच्या पोतावरून व रंगावरून तीन वर्ग केले, व प्रत्येक वर्गांत खोलीवरून प्रत ठरविली. पहिल्या वर्गाच्या काळ्या मातीची खोली पावणेदोन हात असेल तर ती सोळा आण्यांची, दीड हात असेल तर चौदा आण्यांची, एक हात असेल तर दहा आण्यांची आणि अवघी पाव हात असेल तर साडेचार आण्यांची. त्यांतून चुनखड, रेती, उतार इत्यादि सात दोषांबद्दल प्रत उतरवीत. जुन्या प्रतबंदीच्या कागदांशीं एकाच गांवची ही प्रत ताडून पाहिल्यास पूर्वीच्या कारकुनांची दृष्टि किती अचूक होती हें ठरवितां येईल. दोन्ही साधनें उपलब्ध असलेल्या गांवांच्या बाबतींत हें काम अवश्य व्हावें.

लष्करी हालचालींच्या वर्णनांकडेही या दृष्टीनें पाहावें. औरंगजेबाचा तळ १६९५ पासून १६९९ पर्यंत मंगळवेढ्यानजीक भीमेकांठीं ब्रह्मपुरी येथें होता. पुढें १७०० सालीं माणनदीवर खवासपुरास त्याची छावणी पुरांत सांपडली. ओल्या काळींतून तोफा, गाडे व उंट नेणें किती कठीण, हें जाणल्यावांचून पावसाळ्यांतील छावणीचें व दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचें मर्म पूर्णपणें कळत नाहीं.

५. भूमिगत वस्तूंविषयीं एक सावधगिरीची सूचना

नाणीं, मणी, खापरें व ताम्रपट पुष्कळदां शेत नांगरतांना किंवा विहीर खणतांना सांपडतात, आणि ‘इतक्या हात खोल मिळालें’ हा त्यांच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून सांगण्यांत येतो. मुरमाड जमिनींत किंवा पांढरीच्या टेकाडांत या पुराव्यास किंमत आहे. खोल काळींत ती फारच थोडी. कालपरवां शेतांत पडलेलें नाणें एका उन्हाळ्यांत भेगेवाटें दोन हात खालीं जाऊं शकतें. उलट खोल गाडलेला दगड मातीच्या दाबानें हळूहळू वर येतो. सबब काळींत सांपडलेल्या वस्तूची खोली नोंदवावी, पण काळ ठरवावा तो लिपि, घडण व सोबतच्या वस्तू यांवरूनच.

शिवेच्या दगडांनाही हाच न्याय लागू आहे. काळींत उभा केलेला धोंडा कालांतरानें कलतो, खचतो. शिवेच्या तंट्यांत ओढा, टेकडी, जुनें झाड यांच्या खुणांवर जो भर दिसतो व प्रसंगीं डोक्यावर माती घेऊन शीव चालण्याच्या दिव्यापर्यंत जी पाळी येई, तिच्या कारणांत जमिनीची ही अस्थिरता गणावयास हरकत नाहीं.

६. उपसंहार

आतां ज्याकरितां मुख्यतः हा लेख लिहिला तें सांगतों. ओसाड झालेल्या प्राचीन वस्तीची जागा आजही खेडोपाडीं ‘पांढर’ किंवा ‘पांढरीचें टेकाड’ या नांवानें ओळखली जाते. जोर्वें (१९५०-५१), नेवासें (१९५४-५६) व इनामगांव (१९६८ पासून पुढें) येथील उत्खननांनीं अशा टेकाडांच्या पोटीं तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं शेतकऱ्यांचीं घरें, कणग्या व दफनें उजेडांत आणिलीं. पण पांढरीची माती काळीस उत्तम खत म्हणून मानवते, व त्यामुळें अशीं टेकाडें खणून गाड्या भरभरून शेतांत नेण्याचा प्रघात आहे. पूर्वीं बैलगाडीनें जें काम पिढीभर चाले, तें आतां यंत्रानें आठवड्यांत उरकतें. एकदां ती माती शेतांत पसरली कीं काळी तिला भेगांतून आपल्या पोटांत घेते, आणि थरांचा जो पुरावा पांढरीनें शतकें जपला तो कायमचा नाहींसा होतो. शेतकऱ्यास यांत दोष देतां येत नाहीं; त्याच्या दृष्टीनें ती माती म्हणजे खतच होय.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांस विनंति अशी कीं, त्यांनीं गांवोगांव दप्तरें पाहावयास जातांना दोन गोष्टी अधिक कराव्या. एक, कागदांत येणारीं शेतांचीं, थळांचीं व पांढरींचीं नांवें उतरून घेऊन तीं आजच्या शिवारांत कोठें आहेत याची यादी करावी. दुसरी, ओसाड पांढर दिसल्यास तिचें ठिकाण, लांबीरुंदी व पृष्ठभागावर मिळणाऱ्या खापरांचें वर्णन लिहून तें पुराणवस्तुखात्यास कळवावें. कागदाची नक्कल दुसरीकडे सांपडण्याची आशा असते. खणून नेलेल्या पांढरीची नक्कल नाहीं.

भवानी पेठ, सोलापूर.